उसाचा चिकटा आणि त्याचे गोत्र

आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या बैठकांत आणि वाचनालयात झाले. विकरांवर बोलण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला, असे विचाराल, तर तो उसाच्या गाडीने दिला.

वरवे बुद्रुककडची भूमी भाताची खरी. पण भोर तालुक्यातच निगडे येथे राजगड सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस हा आमच्याही घरचा विषय झाला. दूरच्या एका कारखान्यावर एकदा तोडलेला ऊस दोन दिवस गाड्यांतच उभा होता. पुढे उतारा घसरला आणि ठपका आला तो कोयत्यावर! तेव्हा आम्ही खऱ्या गुन्हेगाराचा माग काढू लागलो.

तोडलेल्या उसातील काही साखर त्याचेच विकर फोडते. दुसरा वाटेकरी एक जंतू. दारूला सुटणारी तार जंतूंमुळे येते, हे पाश्चर यांनी 1861 साली ओळखले. साखर कारखान्यांत चिकटा धरणाऱ्या जंतूला 1878 साली व्हॅन टीगेम यांनी ल्यूकोनॉस्टॉक हे नाव दिले. हेरे यांनी 1941 मध्ये दाखविले, की जंतू गाळून टाकले तरी उरलेल्या अर्कातील विकर हे काम एकटेच करते. साखरेच्या कणात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी असते. हे विकर ती जोडी तोडते, फ्रुक्टोज सोडून देते आणि ग्लुकोजामागे ग्लुकोज ओवून डेक्स्ट्रान नावाचा चिकट धागा विणते. त्याने रस दाट होतो, गाळणी तुंबते. शिवाय साखर मोजताना आपण रस प्रकाश किती वळवितो ते पाहतो. डेक्स्ट्रान प्रकाश साखरेच्या सुमारे तिप्पट वळविते. म्हणजे चोरी करून वर खोटी साक्षही देते!

आता गोत्र पाहू. दात किडविणाऱ्या जंतूंकडेही असेच विकर आहे. त्याच्या जनुकांचा अनुक्रम 1987 मध्ये वाचला गेला. ल्यूकोनॉस्टॉकची जनुके पुढील दशकात वाचली गेली. सुमारे 1,500 अमिनो आम्लांची ही प्रथिने ताडून पाहता ती एकाच कुळातली ठरली. 1996 मध्ये मॅकग्रेगर, येस्पर्सन आणि स्वेन्सन यांनी आणखी पुढचे नाते सुचविले: पिठूळ पदार्थ फोडणाऱ्या अमायलेजशी. जपमाळेचे मणी तेच, क्रमही तोच. गाठ मात्र दुसऱ्या जागी, तसा हा प्रकार. 2010 मध्ये अशा एका विकराची प्रत्यक्ष घडण दिसली आणि तर्क खरा ठरला. भाकरीचा घास चावताना गोड लागतो, तो आपल्या लाळेतील अमायलेजमुळे. म्हणजे उसाचा चोर आपल्या तोंडातल्या सेवकाचा दूरचा भाऊबंद निघाला.

या वंशावळीतून आम्ही एवढेच शिकलो, की हे विकर काल कोणाच्या चुकीने जन्मलेले नाही. ते फार जुने आहे. साखर दिसली की ते आपले काम करणारच. उसाच्या कापलेल्या टोकातून जंतू शिरतो हे खरे. पण ऊस तोडल्यावाचून गाळता येत नाही. शिरलेल्या जंतूला किती तास द्यायचे, हे मात्र तोडणी, वाहतूक आणि गव्हाण यांचा मेळ घालणाऱ्यांच्या हाती असते. कोयत्याला दोष देण्यापूर्वी गाडी किती वेळ उभी होती, ते घड्याळाला विचारावे.