अंबाझरीचा मातीचा बांध

श्रूजबरीतील आम्हा नागपूरकर कुटुंबांना २२ सप्टेंबर २०२३ ची शुक्रवारची सायंकाळ विसरता येत नाही. येथे दिवेलागण होत होती. नागपुरात २३ तारखेची पहाट उजाडायची होती. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. बांध फुटला, असेच आम्ही प्रथम ऐकले. तो फुटला नव्हता. पाणी सांडव्यावरून आले होते. पण ऐकताक्षणी खरे वाटावे, इतके त्या बांधाचे वय झाले आहे.

अंबाझरी भोसल्यांनी बांधला, असे सर्रास सांगितले जाते. भोसल्यांचे राज्य मात्र १८५४ मध्येच खालसा झाले होते. जुन्या तळ्याची स्मृती त्या पाण्यात असेलही. परंतु शहराला नळाने पाणी देणारी योजना १८७० च्या सुमाराची, इंग्रजी अमदानीतील. तिचा अभियंता अलेक्झांडर बिनी. त्याने नागपूर परिसरात १८६९ ते १८७२ या काळात पाऊस आणि वाहते पाणी यांची मोजणी केली. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर जेमतेम १५ टक्के पाणी वाहून येते, १००० पडला तर ३८ टक्के. जमीन आधी स्वतःची तहान भागवते, हा त्याचा अर्थ. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही ही कोष्टके 'बिनीची टक्केवारी' म्हणून शिकतात. हाच बिनी पुढे लंडनचा मुख्य अभियंता झाला.

पाणी मोजले गेले, पण ते कोणाच्या ओंजळीत पडले? मातीच्या नळांतून ते अधिकारी आणि प्रतिष्ठितांच्या घरी गेले, असे सांगतात. सार्वजनिक तळ्यावरचा आपला हक्क बजावण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडला जावे लागले, म्हणजे अंबाझरीनंतर अर्धशतक उलटून गेले होते.

मातीचा बांध वरून वाहणाऱ्या पाण्याने खचतो, तसाच आतून झिरपणाऱ्या पाण्यानेही. झाडांची मुळे कुजली की त्याच पोकळीतून पाणी वाट काढते. आमच्या शेजारच्या वूस्टर शहराला पाणी देणारा लिंड ब्रूकचा बांध मार्च १८७६ मध्ये फुटला आणि चेरी व्हॅलीतील गिरण्यांवर लोंढा गेला. तो अंबाझरीच्याच पिढीतला होता. म्हणून बांधाच्या बाबतीत आम्ही वयापेक्षा देखभालीकडे अधिक पाहतो.

दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, हे १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात सांगताना बाबासाहेबांनी नाग लोकांची आणि नाग नदीची आठवण काढली होती. तीच नदी अंबाझरीच्या सांडव्याखालून शहरात उतरते. सांडव्यासमोर उभारलेल्या स्मारकामुळे पाण्याला अडथळा होतो का, हा वाद पुरानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. आमच्या घरांत मात्र पावसाळा लागला की फोनवरचा पहिला प्रश्न अजूनही तोच असतो : तलाव किती भरला?