प्रतिमा कोणाची? आघातग्रस्त स्त्रिया, कल्पनाचित्रण आणि सजगता यांचा इतिहास

प्रस्तावना

मानसिक आघाताच्या इतिहासाचे लेखन बहुधा रणांगणापासून सुरू होते. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात 'शेल शॉक' या संज्ञेखाली सैनिकांच्या अवस्थेचे वर्णन केले. पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या प्रश्नामुळे अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत 'पीटीएसडी', म्हणजेच आघातोत्तर तणाव विकृती, समाविष्ट केली. हा क्रम चुकीचा नाही. परंतु त्यात स्त्री उशिरा येते. जणू पुरुषांसाठी घडविलेले निदान पुढे तिलाही लागू झाले. उपचारपद्धतींच्या बाजूने पाहू लागल्यास मात्र चित्र पालटते. मनातील भीषण दृश्यावर दृश्याच्याच साहाय्याने उपचार करण्याचे महत्त्वाचे प्रारंभिक प्रयोग स्त्रियांवर झाले. आज 'गाइडेड इमेजरी' म्हणून ओळखले जाणारे कल्पनाचित्रण आणि 'माइंडफुलनेस' म्हणजे सजगता या दोन पद्धतींचा इतिहास प्रस्तुत निबंधात एका प्रश्नाच्या अनुषंगाने पाहावयाचा आहे. मनातील चित्र बदलण्याचा अधिकार कोणाचा?

मारी आणि तिचा अध्यापक

फ्रान्समधील ल हाव्हर येथे पिएर जाने हे १८८३ पासून तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. वैद्यकाची पदवी त्यांनी नंतर, १८९३ मध्ये घेतली. महाविद्यालयीन अध्यापन सांभाळून त्यांनी तेथील रुग्णालयात जे संशोधन केले, त्याचे फलित म्हणजे १८८९ मधील त्यांचा मानसिक स्वयंचलिततेवरील प्रबंध. त्यात 'मारी' या टोपणनावाने एका एकोणीस वर्षांच्या मुलीची हकिकत आहे. तिला झटके येत आणि डाव्या डोळ्याने दिसत नसे. संमोहनावस्थेत जाने यांनी तिला बालपणात नेले. सहाव्या वर्षी तिला एका मुलाशेजारी झोपविण्यात आले होते आणि त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू त्वचारोगाने भरलेली होती. जाने यांनी तो प्रसंग तिला पुन्हा 'दाखविला', परंतु यावेळी मुलाचा चेहरा स्वच्छ होता. तिने त्याला कुरवाळले आणि तिची दृष्टी परतली. जिन्यावरून पडून एक वृद्धा मरण पावल्याचे दुसरे दृश्यही असेच बदलण्यात आले: वृद्धा केवळ अडखळली, मेली नाही.

या नोंदी वाचताना जाने यांची करुणा जाणवते, त्यांचे कौशल्यही जाणवते. तथापि नवे चित्र मारीने निवडलेले नव्हते. बदल संमोहनात होत असे आणि जागेपणी तिला तो ठाऊक असावा, अशी या पद्धतीची अटच नव्हती. तिच्या स्मृतीची दुरुस्ती झाली. दुरुस्तीचा वृत्तान्त मात्र जाने यांच्या ग्रंथात राहिला.

त्यानंतरच्या दशकात कल्पना हा शब्दच स्त्रियांच्या विरोधात गेला. सिग्मंड फ्रॉइड यांनी एप्रिल १८९६ मध्ये व्हिएन्ना येथे अठरा रुग्णांच्या आधारे हिस्टेरियाच्या मुळाशी बालपणीचा लैंगिक अत्याचार असल्याचे प्रतिपादन केले. सप्टेंबर १८९७ मधील पत्रात त्यांनी या सिद्धान्तावरील आपला विश्वास उडाल्याचे कळविले. पुढील मनोविश्लेषणात अशा कथनांकडे घडलेल्या घटनेपेक्षा मनातील इच्छाचित्र म्हणून पाहण्याचा कल वाढला. 'तिच्या कल्पनेचे खेळ आहेत' हे वाक्य आपल्या घरांतही अपरिचित नाही, एवढेच येथे नमूद करावेसे वाटते.

कुरण, ओढा आणि निदानातील अडथळा

जर्मनीत हान्सकार्ल लॉयनर यांनी १९५० च्या दशकात कल्पनाचित्रणाला शिस्तबद्ध रूप दिले. कुरण, ओढा, डोंगर, घर अशी ठरावीक दृश्ये सुचवायची आणि रुग्ण त्यांत काय पाहतो ते त्याने सांगायचे. येथे संमोहनाची सक्ती गेली आणि रुग्ण बोलू लागला, हा बदल लहान नव्हे.

दरम्यान स्त्रियांच्या आघाताला वैद्यकीय नाव मिळण्याची वाट बॉस्टन शहरातून गेली. तेथील सिटी हॉस्पिटलमध्ये परिचारिका-संशोधक अ‍ॅन बर्जेस आणि समाजशास्त्रज्ञ लिंडा होम्स्ट्रॉम यांनी बलात्कारानंतर आणल्या गेलेल्या ९२ प्रौढ स्त्रियांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. भीती, दुःस्वप्ने, निद्रानाश या त्यांनी नोंदविलेल्या लक्षणांचे सैनिकांच्या लक्षणांशी असलेले साम्य पुढे अनेकांच्या लक्षात आले. तरीही १९८० च्या निदानात घटना सर्वसाधारण मानवी अनुभवापलीकडची असावी, असा आशय होता. ज्या अत्याचाराला असंख्य स्त्रिया तोंड देतात, तो 'अनुभवापलीकडचा' कसा, हा प्रश्न लॉरा ब्राउन यांनी १९९१ मध्ये उपस्थित केला. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत हा निकष वगळण्यात आला.

स्त्रीच्या हाती चित्र

याच काळात दोन परस्परविरोधी वाटा दिसू लागल्या. एडना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये बलात्कारपीडित स्त्रियांवरील अभ्यासात जी पद्धत तपासली, तिच्यात डोळे मिटून घटना वर्तमानकाळात, जशी घडली तशी, पुनःपुन्हा सांगावयाची असते. चित्र बदलायचे नाही; भय ओसरेपर्यंत त्याला सामोरे जायचे. दुसरी वाट बॅरी क्रॅको यांच्या गटाची. न्यू मेक्सिको येथील त्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लैंगिक अत्याचाराचा अनुभव असलेल्या आणि वारंवार दुःस्वप्ने पडणाऱ्या १६८ स्त्रिया होत्या. एक दुःस्वप्न निवडायचे, ते आपल्याला हवे तसे बदलायचे आणि बदललेले स्वप्न रोज काही मिनिटे मनात उजळायचे, इतकीच कृती. कसे बदलावे याची सूचना उपचारक देत नाही. जाने यांच्यापासून शतकभराचे अंतर येथे स्पष्ट दिसते: चित्र बदलते, पण ते बदलणारी व्यक्ती जागी आहे आणि ती स्वतः रुग्ण आहे. उपचार मिळालेल्या स्त्रियांची दुःस्वप्ने घटली, झोप सुधारली, आघाताची अन्य लक्षणेही सौम्य झाली. अर्थात १६८ पैकी ११४ स्त्रियांचीच पुढील पाहणी पूर्ण होऊ शकली, हे विसरता येत नाही.

पुराव्याच्या तराजूत फोआ यांची वाट अद्याप जड आहे. पॉला श्नर यांच्या २००७ मधील २८४ स्त्रियांच्या (बहुतेक माजी सैनिक) चाचणीतही सामोरे जाण्याची पद्धत अधिक परिणामकारक ठरली. कल्पनाचित्रणाविषयी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. १९९० च्या दशकात काही उपचारकांनी 'विसरलेले' अत्याचार आठवण्यासाठी या पद्धतीचा वापर केला. नुसती कल्पना केल्यानेही घटना घडल्याची खात्री वाढू शकते, हे मेरीअ‍ॅन गॅरी, एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले. काय घडले याचा निवाडा करण्याचे हे साधन नव्हे. तसा वापर झाला की स्त्रीच्या खऱ्या साक्षीवरही संशय घेण्यास निमित्त मिळते. १८९७ ची पुनरावृत्ती होण्यास वेळ लागत नाही.

सति आणि स्मृती

सजगता ही तिसरी वाट. चित्र बदलायचेही नाही, उगाळायचेही नाही. येते तसे येऊ द्यायचे, जाते तसे जाऊ द्यायचे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जो वर्ग सुरू केला, तो मुळात दीर्घकालीन वेदनांच्या रुग्णांसाठी होता. त्यातील शरीरभर क्रमाने लक्ष फिरविण्याचा सराव सयाजी उ बा खिन यांच्या विपश्यना-परंपरेशी जोडलेला आहे. त्याच उ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून कार्यरत झाले. इंग्रजी संज्ञा ज्या पाली शब्दावरून घडली, तो 'सति' म्हणजे संस्कृतातील 'स्मृति'. स्मृतीनेच छळलेल्या स्त्रीला स्मृतीच्या नावाची साधना सुचवावी, हा भाषेचा योगायोग अर्थपूर्ण वाटतो.

परंतु ज्या शरीरावर अत्याचार झाला, त्याच शरीराकडे डोळे मिटून पाहा, असे सांगणे प्रत्येकीला सोसेलच असे नाही. श्वासाकडे लक्ष देताच घटना उसळून येऊ शकते. शिवाय २०१५ मध्ये मेलिसा पोलस्नी यांनी सजगतेची जी चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यातील ११६ माजी सैनिकांत बहुसंख्य पुरुषच होते. स्त्रियांपुरते पाहता बेसेल व्हॅन डर कोल्क यांचा २०१४ मधील योगावरील अभ्यास जवळचा ठरतो. त्यात अन्य उपचारांना दाद न देणारा आघात असलेल्या ६४ स्त्रिया होत्या. अशा आघात-संवेदी वर्गांत आज्ञार्थी क्रियापदे टाळली जातात. 'डोळे मिटा' असे न म्हणता 'हवे असल्यास मिटू शकता, उघडे ठेवले तरी चालेल' असे म्हटले जाते, आणि विचारल्याखेरीज कोणी सहभागी स्त्रीच्या अंगाला हात लावत नाही.