लेकराची साक्ष आणि वयाचा दाखला

बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात सरकार पक्षाला दोन गोष्टी शाबीत कराव्या लागतात: घटना घडली, आणि त्या दिवशी पीडित कायद्याने बालक होते. 1860 च्या भारतीय दंड संहितेत संमतीचे वय अवघे 10 होते. 1890 मध्ये कलकत्त्यात एक बालवधू पतीच्या शरीरसंबंधामुळे दगावली. तिने दहा ओलांडल्यामुळे बलात्काराचे कलम लागलेच नाही. 1891 मध्ये ही मर्यादा 12 वर आली, तीही पुण्यात टिळकांचा कडवा विरोध असताना.

वयाचा पुरावा किती निर्णायक ठरतो, हे महाराष्ट्राने 1972 च्या देसाईगंज प्रकरणात पाहिले. पोलीस ठाण्यात दोन पोलिसांवर एका आदिवासी मुलीवरील अत्याचाराचा आरोप होता. डॉक्टरांनी तिचे वय 14 ते 16 सांगितले. ती सोळाच्या, म्हणजे तेव्हाच्या संमतीच्या वयाच्या, आत होती हे सिद्ध झाले नाही, असे सत्र न्यायालयाने धरले. मग सगळा भार संमतीच्या प्रश्नावर गेला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, हे त्यामागचे एक कारण. तो निकाल अन्यायाचाच होता. देशभर उठलेल्या संतापातून 1983 ची कायदादुरुस्ती झाली.

मुलाच्या शब्दाला मान मात्र सावकाश मिळाला. 1872 च्या पुरावा कायद्यात साक्षीसाठी किमान वय नव्हतेच. प्रश्न समजावा आणि समंजस उत्तर देता यावे, एवढीच अट. तरी दुजोऱ्याचा आग्रह सुटत नव्हता. दुजोरा हा सावधगिरीचा भाग आहे, कायद्याची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्ये आठ वर्षांच्या मुलीच्या खटल्यात स्पष्ट केले. 14 नोव्हेंबर 2012 पासून लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा लागू झाला आणि वयोमर्यादा 18 झाली. आता जबाब घेणारे पोलीस गणवेशात नसतात, आरोपी मुलासमोर येत नाही, उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. कलम 29 आरोपीविरुद्ध गृहीतक धरते, पण मूळ घटना आधी शाबीत करावीच लागते.

वयाच्या पुराव्यासाठी पुणे जिल्ह्यातील घोडेगावचे उदाहरण घ्या: हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही इथेच. अशा डोंगरी, आदिवासी भागात खटल्याचे पारडे शाळेच्या जनरल रजिस्टरवर फिरू शकते. बाल न्याय कायद्याचे कलम 94 आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला मागते, तो नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला. हाडांची तपासणी सर्वांत शेवटी. नोंद कशावरून केली, हे मुख्याध्यापकांना साक्षीत सांगावे लागते. पूर्वी गुरुजी अंदाजाने 1 जून ही जन्मतारीख लिहीत. अशी तारीख दिसली की बचाव पक्षाला तिथेच बोट ठेवता येते.

असा वाद टाळायचा तर जन्माची नोंद वेळेत हवी: घरी जन्मलेल्या मुलाचीही नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते.