ऐकण्याचा परवाना

१७ जुलै १९४७, आषाढ अमावस्येचा दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. काही वाचली ती कोळ्यांच्या होड्यांमुळे. बंदर काही मैलांवर. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला वार्ता कळली ती वाचलेल्यांच्या तोंडून, आणि तीही दुपार उलटल्यावर.

यंत्र असते तर भागले असते काय? या प्रश्नासाठी आम्हांला पस्तीस वर्षे मागे जावे लागते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळली, तेव्हा तिच्यावर त्या काळचे उत्तम यंत्र होते. फार दूर नसलेल्या ‘कॅलिफोर्नियन’वरही यंत्र होते. तिच्या ऑपरेटरने बर्फाची सूचना देऊ पाहिली. परंतु ‘टायटॅनिक’चा ऑपरेटर उतारूंच्या खाजगी तारा पाठविण्यात गुंतला होता, त्याने त्याला गप्प बसविले. बोटीवर हा गृहस्थ एकटाच. दिवसभराचा थकलेला, त्याने यंत्र बंद केले. काही मिनिटांतच तिकडे धडक झाली! ‘कार्पेथिया’ धावून आली आणि सातशेंवर जीव वाचले, कारण तिच्या ऑपरेटरने निजण्याची तयारी करतानाही कानावरचे यंत्र काढले नव्हते. पंधराशे माणसे गेली ती गेलीच.

पाठोपाठ अमेरिकेच्या किनाऱ्यावर आणखी एक गोंधळ माजला. हौशी मंडळींच्या कलकलाटात अर्धवट संदेशांची सरमिसळ होऊन ‘सर्व उतारू सुखरूप’ अशी बातमी वृत्तपत्रांत झळकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथे कायदा झाला: केंद्राला परवाना, ऑपरेटरलाही परवाना. आमच्याकडे १९३३ च्या कायद्याने नुसते यंत्र बाळगण्यासही परवाना लागू लागला. सरकारला कागदांची हौस असते हे आम्ही नाकारीत नाही. पण हा कागद मात्र बुडालेल्यांनी लिहवून घेतला आहे.

आज लहान होडीवरही व्हीएचएफ यंत्र बसते. त्याची शक्ती फार तर २५ वॅट. त्याच्या लहरी बहुधा नजरेच्या टप्प्याइतक्याच जातात, म्हणून एरियल उंच हवा. १५६.८ मेगाहर्ट्झचा सोळावा चॅनेल हाका मारण्यासाठी आणि संकटासाठी राखलेला. तेथे एकमेकांना हाक मारावी आणि बोलणे दुसऱ्या चॅनेलवर न्यावे. मासळीच्या भावाची चौकशी तेथे नको. बोलण्याचे बटण दाबलेले असताना या यंत्रात ऐकू येत नाही. आणि ते बटण उशीखाली दबून राहिले, तर आसपासच्या सगळ्या होड्यांचा तो चॅनेल अडतो. दबलेल्या बटणाच्या मालकाला याचा पत्ताही नसतो.

खरेच संकट आले तर तीन वेळा ‘मेडे’ म्हणावे, होडीचे नाव, ठिकाण, काय झाले आणि माणसे किती ते सांगावे. मग बटण सोडावे आणि ऐकत राहावे.