बदलाला विरोध: हार्वूडचा धडा

उद्योगात नवी कार्यपद्धती येताच कर्मचाऱ्यांचा विरोध का होतो, हे व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकविताना अमेरिकेतील एका प्रयोगाचा दाखला दिला जातो. व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन येथे हार्वूड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. मजुरी नगावर मिळे. काम बदलल्यास हात बसेपर्यंत कंपनी भत्ता देई. तरीही तक्रारी वाढत आणि अनेक कामगार नोकरी सोडत.

लेस्टर कोच व जॉन फ्रेंच यांनी कामगारांचे गट पाडले. एका गटाला बदल केवळ कळविण्यात आला. दुसऱ्या गटाच्या प्रतिनिधींना, तर अन्य दोन गटांतील सर्वांनाच नियोजनात सहभागी करून घेण्यात आले. पहिल्या गटातील १७ टक्के कामगार ४० दिवसांतच काम सोडून गेले. सर्वांचा सहभाग असलेल्या गटांचे उत्पादन मात्र पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वाढले.

पुढे पहिल्या गटातील उरलेल्या कामगारांनाही दुसरे काम देताना विश्वासात घेण्यात आले. तेव्हा त्यांचेही उत्पादन वाढले. माणसे तीच होती. बदल राबविण्याची रीत तेवढी निराळी होती. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे सार हेच, की भत्त्याने नुकसान भरून निघते, विश्वास मिळत नाही.