मुरणें आणि नासणें

लोणचें मुरतें आणि दूध नासतें, हा भेद आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असतो. परंतु कांहीं पदार्थांत या दोन क्रिया इतक्या शेजारीं नांदतात कीं, त्यांचा निवाडा करण्यास जिभेखेरीज दुसरा पंच उरत नाहीं. ओकच्या लांकडांत मुरविलेली जहाल बिअर हा असाच एक पदार्थ होय. वाचकांनीं ती चाखावी असा आमचा आग्रह नाहीं. तिचा इतिहास मात्र जाणण्यासारखा आहे.

अठराव्या शतकांत लंडनच्या हमालांनीं उचलून धरलेली काळी, कडवट बिअर त्यांच्याच नांवावरून 'पोर्टर' म्हणून प्रसिद्धीस आली. तिची उत्तम प्रत महिनोन्महिने लांकडांत मुरवून मगच विकीत. हें थांबणें फुकटचें नव्हतें. ज्याला आपलें भांडवल दीर्घकाळ अडकवून ठेवतां येई त्याचीच सरशी होई, आणि त्यामुळें या धंद्यांत मोठमोठे कारखानदार पुढें आले. साउथवर्क येथील थ्रेल यांचा कारखाना १७८१ सालीं १,३५,००० पौंडांस विकला गेला. मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक या नात्यानें कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांचाही त्या व्यवहारांत हात होता. याच कारखान्यांत रशियाच्या सम्राज्ञीसाठीं खास पोर्टर तयार होते व ती सात वर्षें टिकते, असें ऐकल्याचें चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन यानें १७९६ सालच्या रोजनिशींत नमूद केलें आहे. 'इंपीरियल स्टाउट' या पुढील नांवांत त्या राजाश्रयाची आठवण आहे.

मुरविण्याचे हौद मात्र वाढतां वाढतां घरांहून उंच झाले. १७ ऑक्टोबर १८१४ रोजीं म्यू यांच्या कारखान्यांतील २२ फूट उंचीच्या हौदाची एक लोखंडी कडी निखळली, आणि सुमारें तासाभरानें तो फुटला. बिअरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तींत शिरून आठ जीव गेले. ते सारे बायकांचे व मुलांचे होते. चौकशीअंतीं तो केवळ अपघात ठरला.

जुन्या बिअरची ती विशिष्ट चव येते कोठून, हें १९०४ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंतील क्लाउसेन यांनीं उलगडलें. लांकडांत दबा धरून बसणारें एक वेगळेंच किण्व तिला कारण होतें. त्यांनीं त्यास 'ब्रेटॅनोमायसिस', म्हणजे ब्रिटिश बुरशी, असें नांव दिलें. परंतु मर्म हातीं आलें तेव्हां लंडनकरांची आवडच पालटली होती. लोकांना ताजी बिअर हवी होती, आणि १९१४ च्या महायुद्धांतील निर्बंधांनीं जहालपणाही ओसरला.

लांकूड पुन्हां आलें तें १९९० नंतरच्या दशकांत, शिकागोच्या गूज आयलंड कारखान्यांत. अमेरिकन कायद्यानें बर्बन व्हिस्की आंतून जाळलेल्या नव्या ओकमध्येंच ठेवावी लागते; त्यामुळें एकदां वापरलेलीं पिंपें रिकामीं पडतात. त्यांत त्यांनीं जहाल स्टाउट भरली. ती लहान पेल्यांत, फार थंड न करतां, घोट घोट घ्यावयाची. प्रथम व्हॅनिला, मग करपलेल्या साखरेचा कडूपणा, आणि शेवटीं व्हिस्कीची ऊब.

या स्टाउटच्या २०१५ सालच्या कांहीं बाटल्यांत जंतूंमुळें आंबटपणा उतरला, आणि कारखान्यानें गिऱ्हाइकांस पैसे परत देऊं केले. ज्या आंबूस छटेसाठीं जुना लंडनकर वर्षभर थांबे, तिच्याच एका सख्ख्या बहिणीला शिकागोनें दोष ठरविलें. मुरलें कीं नासलें, याचा निकाल जंतु देत नाहींत. तो पिणाऱ्याचा काळ देतो.