जुनं ठेवायची परवानगी

गेल्या पावसाळ्यात किनवटहून फोन आला तो मित्राच्या वडिलांचा. मित्र म्युनिकला असतो. आम्ही एकाच इंजिनिअरिंग कॉलेजातले. मी पुण्यात राहिलो, तो जर्मनीला गेला, आणि आता त्याला तिथलं नागरिकत्व मिळण्यासारखं होतं. काकांनी खुशाली विचारली नाही, थेट मुद्द्यावर आले : "जर्मनीवाले म्हणतेत जुनं राहू द्या, आमची हरकत नाही. मंग आपलंच सरकार काहून कटवतंय? अन् सातबाऱ्यावरलं नाव ऱ्हाते का जाते?"

सातबाऱ्याचं मी शोधून सांगितलं. नाव जात नाही. वडिलोपार्जित शेती वारसाने मिळते, ती ठेवताही येते. फक्त नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. काकांचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जुनं नागरिकत्व ठेवून नवं घेता येतं की नाही, हे कोण ठरवतं? आणि एक देश 'ठेवा' म्हणतो तेव्हा दुसरा 'सोडा' का म्हणतो?

गंमत म्हणजे हा प्रश्न विचारणारे काका स्वतः न हलता दोन राज्यं बदललेले आहेत. ते जन्मले तेव्हा किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि किनवट, राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात आलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र. काकांचे वडील तर निजामाचे 'मुलकी', म्हणजे संस्थानातले मूळ रहिवासी. संस्थानात सरकारी नोकरी हवी तर मुलकी असल्याचा दाखला लागायचा. बाहेरून आलेल्याला तो मिळवायला पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागे. घर तेच, पैनगंगा तीच. बदललं ते सरकार. कुणी त्यांना विचारलं नव्हतं, आणि सोडायचं का ठेवायचं असा फॉर्मही आला नव्हता.

जर्मनीत मात्र असा फॉर्म होता. त्याचं नाव बायबेहाल्टुंग्सगेनेमिगुंग. (हो, हा एकच शब्द आहे. जर्मन लोक व्हेरिएबलची नावं कशी ठेवत असतील, असा विचार मी पुष्कळदा केलाय.) अर्थ साधा : राखून ठेवायची परवानगी. जर्मन माणसाला अमेरिकन किंवा इतर कुठलं नागरिकत्व घ्यायचं असेल आणि जर्मनही राहायचं असेल, तर आधी ही लेखी परवानगी घ्यायची. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व हातात पडल्यावर परवानगी आली तर ती रद्दी. त्या क्षणी जर्मन नागरिकत्व आपोआप गेलेलं असे, मग माणसाला ते कळो न कळो.

हे कलम आलं २२ जुलै १९१३ च्या कायद्यातून, जो १ जानेवारी १९१४ पासून लागू झाला. त्याआधीचा १८७० चा नियम वेगळा होता : दहा वर्षांहून जास्त काळ परदेशात राहिलात आणि वकिलातीत नाव नोंदवलं नाही, तर नागरिकत्व संपलं. एकोणिसाव्या शतकात लाखो जर्मन अमेरिकेत गेले, त्यातले पुष्कळ या नियमाने गळाले. १९१३ ला सरकारने उलटं केलं. नुसतं बाहेर राहिल्याने काही जाणार नाही. स्वतः अर्ज करून परकं नागरिकत्व घेतलं तरच जाईल. आणि आधी परवानगी घेतली असेल तर तेही नाही. ज्या देशात धंदा करायचा तिथलं नागरिकत्व व्यापाऱ्याला सोयीचं असे, आणि त्याला घराशी नातंही तोडायचं नसे. सोय त्याच्यासाठी होती.

कायदा लागू होऊन आठ महिने झाले नाहीत तोच पहिलं महायुद्ध सुरू झालं. आता जर्मनीच्या शत्रूंनी हे कलम वाचलं आणि त्यांना त्यात सोय नाही, कावा दिसला. म्हणजे आमच्याकडे येऊन निष्ठेची शपथ घेणारा माणूस खिशात बर्लिनची परवानगी ठेवून आहे? तेव्हाचे गृहखात्याचे सचिव क्लेमेन्स फॉन डेल्ब्रुक, त्यांच्या नावावरून या तरतुदीला 'लेक्स डेल्ब्रुक' म्हणजे डेल्ब्रुकचा कायदा म्हणू लागले, आणि ते नाव शिवीसारखं वापरलं गेलं. संशय इतका खोल होता की १९१९ च्या व्हर्सायच्या तहात त्यासाठी स्वतंत्र कलम आलं. कलम २७८ : जो जर्मन आमच्या देशाचं नागरिकत्व घेईल, त्याची जुनी निष्ठा सर्व अर्थांनी तुटली असं जर्मनीने मानलं पाहिजे. मला वाटतं दुहेरी नागरिकत्वाबद्दलचा जगाचा राग समजायला हे एक वाक्य पुरेसं आहे. माणूस दोन घरं करतो याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. भीती होती ती युद्धात तो कुठल्या बाजूने उभा राहील याची.

ही भीती महाराष्ट्रात येऊन राहिली, अगदी शब्दशः. १९१४ नंतर हिंदुस्थानातल्या जर्मनांना पकडून अहमदनगरला छावणीत ठेवलं गेलं. आणि ३ सप्टेंबर १९३९ ला दुसरं युद्ध सुरू होताच पुन्हा तेच. 'सेव्हन इयर्स इन तिबेट' हा ब्रॅड पिटचा सिनेमा पाहिला असेल, तर त्यातला हाइनरिश हारर आठवेल. नंगा पर्बतच्या मोहिमेवरून परतताना तो पकडला गेला, आणि १९४४ मध्ये देहरादूनच्या छावणीतून निसटण्याआधी तो अहमदनगरला आणि देवळालीला होता. हारर मुळात ऑस्ट्रियन. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि तिथले लोक जर्मन ठरले. नगरच्या पहारेकऱ्यांच्या वहीत तो शत्रुराष्ट्राचा माणूस.

पण हाररपेक्षा मला अस्वस्थ करते ती पुरंदरची गोष्ट. पुरंदर म्हटलं की आपल्याला १६६५ चा तह आठवतो, संभाजीराजांचा जन्म आठवतो. दुसऱ्या महायुद्धात त्याच गडावर ब्रिटिशांनी जर्मन कुटुंबांची छावणी केली होती. अशीच एक साताऱ्यातही होती. तिथे मिशनरी होते, तसेच हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासितही होते. मुंबईत आलेल्या ज्यूंसाठी १९३४ पासून एक मदत संघटना काम करत होती. त्यातल्या अनेकांना चौकशी करून सोडलं गेलं, पण सगळ्यांना नाही. ज्यांच्यापासून पळून आले त्यांचेच हेर असतील, असा संशय.

आता तारीख बघा. २५ नोव्हेंबर १९४१. बर्लिनने वटहुकूम काढला : परदेशात राहणारा कुठलाही ज्यू यापुढे जर्मन नागरिक नाही, आणि त्याची मालमत्ता जप्त. म्हणजे पुरंदरच्या बराकीतला ज्यू डॉक्टर किंवा शिक्षक त्या दिवसापासून जर्मनीच्या लेखी जर्मन नव्हता. मग ब्रिटिशांनी त्याला लगेच सोडायला हवं, नाही का? तर नाही. ब्रिटिश न्यायालयांची भूमिका अशी होती की युद्ध चालू असताना शत्रूने स्वतःच्या माणसाचं नागरिकत्व काढून घेतलं तरी आम्ही ते मानणार नाही. घर जप्त व्हायला तो जर्मन नाही, आणि गडावर अडकून पडायला तो जर्मन आहे. मी हे वाचलं तेव्हा दोन सर्व्हरवर एकाच युजरचं दोन वेगळं स्टेटस दिसावं तसं वाटलं. फरक इतकाच की इथे सिंक करायला कुणालाच घाई नव्हती.

युद्धानंतर, १९४९ च्या जर्मन राज्यघटनेत यावर दोन कलमं आली. सोळावं म्हणतं, नागरिकत्व हिरावून घेता येणार नाही. एकशे सोळावं म्हणतं, ३० जानेवारी १९३३ ते ८ मे १९४५ या काळात राजकीय, वांशिक किंवा धार्मिक कारणाने ज्यांचं काढून घेतलं, त्यांना आणि त्यांच्या वंशजांना अर्ज केल्यावर परत मिळेल. हिरावणं बंद झालं. पण १९१३ चं ते कलम, अर्ज करून परकं नागरिकत्व घेतलं तर आपलं आपोआप जाण्याचं, ते तसंच राहिलं. २००० साली तर ते आणखी कडक झालं. तोवर जर्मनीतच राहणाऱ्याला त्यातून सूट होती. तुर्कस्तानातून आलेले पुष्कळ लोक तुर्की नागरिकत्व सोडून जर्मन व्हायचे आणि नंतर गुपचूप तुर्की परत घ्यायचे. १ जानेवारी २००० ला ही सूट गेली. हजारो लोक मतदान करत होते, पासपोर्ट वापरत होते, आणि कायद्याने ते जर्मन उरले नव्हते. ज्यांनी आधी परवानगी घेतली त्यांचं वाचलं. तो कागद मिळवायचा म्हणजे जर्मनीशी नातं आहे हे पटवायचं, परक्या नागरिकत्वाची गरज का हे लिहायचं, आणि मग वाट बघायची.

२७ जून २०२४ ला हे सगळं संपलं. नव्या कायद्याने जर्मन माणसाला कुठलंही नागरिकत्व घेऊन जर्मन राहता येतं, आणि जर्मन होणाऱ्या परक्यालाही जुनं सोडावं लागत नाही. एकशे दहा वर्षांचा तो लांबलचक शब्द निकामी झाला. मात्र कायदा मागे जात नाही. २६ जूनला दुसऱ्या देशाची शपथ घेतलेला माणूस गेला तो गेलाच.

काकांचा प्रश्न अजून बाकी आहे. आपलं सरकार का काढून घेतं?

आपल्याकडे हे संविधानाच्या नवव्या कलमात आहे : ज्याने स्वेच्छेने परकीय राष्ट्राचं नागरिकत्व घेतलं तो भारताचा नागरिक नसेल. नागरिकत्वाची ही कलमं २६ जानेवारी १९५० ची वाट न बघता २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली, कारण फाळणी होऊन दोनच वर्षं झाली होती आणि कोण इकडचा, कोण तिकडचा हा प्रश्न रोज दारात उभा होता. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ तेच पुढे नेतं. जर्मनीसारखी 'आधी परवानगी घ्या' अशी फट आपण ठेवलीच नाही.

गोव्यात मात्र निवड दिली गेली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ ला केंद्राने आदेश काढला की जे स्वतः किंवा ज्यांचे आईवडील, आजीआजोबा तिथे २० डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मले, ते त्या दिवसापासून भारतीय. ज्याला आधीचं नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने एका महिन्यात लेखी कळवावं. आमच्या भाषेत सांगायचं तर ऑप्ट-आउट. गप्प बसलात तर भारतीय. आणि ठेवायचं तर फक्त जुनंच, दोन्ही नाही.

फादर मोंतेरो यांनी मुदत संपायच्या आत, २७ एप्रिल १९६२ ला, पोर्तुगीज राहणार असं लिहून दिलं. झालं काय, तर आपल्याच गावात ते परदेशी ठरले. राहायला परवाना लागला, त्याची मुदत १३ नोव्हेंबर १९६४ ला संपली, त्यांनी वाढवून मागितली नाही. देश सोडा असा हुकूम आला, तो त्यांनी पाळला नाही. तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांच्या बाजूने युक्तिवाद असा की गोवा हा लष्करी ताब्यातला प्रदेश आहे, आणि जिनिव्हा करारानुसार तिथल्या माणसाला हाकलता येत नाही. २६ मार्च १९६९ ला सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या न्यायालयाने तो फेटाळला : गोवा आता ताब्यातला नाही, भारताचा भाग आहे. कायद्याने निकाल बरोबरच वाटतो. पण जन्मगावी राहण्यासाठी परवान्याची मुदत वाढवून मागायला नकार देणारा तो म्हातारा हट्ट मला कळतो. काकांनीही तसंच केलं असतं.

नंतर २००२ मध्ये सिंघवी समितीने दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली. हाती आलं ते ओसीआय कार्ड, ज्याच्या नावात 'नागरिक' आहे आणि कायद्यात नाही. पहिली कार्डं जानेवारी २००६ मध्ये दिली गेली ती हैदराबादमध्येच. येता-जाता येतं, राहता येतं, नोकरी करता येते. मत नाही, निवडणूक नाही, नवी शेती नाही.

मित्राशी परवा बोललो. त्याचा अर्ज गेलाय. जर्मनी त्याला काही सोडायला सांगणार नाही. त्याच्या हातात जर्मन कागद पडेल त्याच मिनिटाला भारताचं नागरिकत्व गेलेलं असेल, आणि पुढे पासपोर्ट जमा करून तसं प्रमाणपत्र घ्यायचं. "मत देता येणार नाही याचं काही नाही रे," तो म्हणाला, "मी कधी दिलंय? पण विमानतळावर परदेशींच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे..." वाक्य त्याने पुरं केलं नाही.

इकडे काकांनी पेटी उपसून त्यांच्या वडिलांचा मुलकीचा दाखला शोधून काढलाय. उर्दूत आहे, घरात कुणाला वाचता येत नाही. त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि विचारलं, हे पोराच्या कामात कुठं लागंल का, नाहीतर लॅमिनेशन करून ठेवतो.